पडवळला कोणी बोलावलं?

रणजितसिंह चार वाजता जीप घेऊन येणार आहेत, हे गोपीनाथने वरणभातावर लिंबू पिळता पिळता सांगितलं. गॅसचा सिलिंडर येणार आहे हे माणूस ज्या सुरात सांगतो, त्याच सुरात. ते ऐकून वहिनीने तुपाची वाटी उचलली, अद्वैतने फोन उचलला आणि कांचनने मान खाली घातली. म्हणजे टेबलावरच्या पाचांपैकी चौघांना ही बातमी जुनी होती. नवी होती ती फक्त नयनाला, आणि पडवळला. पण पडवळला जेवायच्या टेबलापाशी कुणी काही विचारत नसे.

पडवळ हॉलच्या कोपऱ्यात, कपडे धुण्याच्या मशीनच्या खोक्यात होता. नयनाने शुक्रवारी ते खोकं गच्चीवरून काढून अर्ध्यावर कापलं होतं आणि आत आप्पांची जुनी रजई दुमडून घातली होती. त्या रजईत तोंड खुपसून तो पडला होता आणि बाहेर फक्त तपकिरी शेपूट दिसत होतं. गुरुवारी सकाळी त्याचे मागचे पाय एकमेकांत अडकायला लागले. दुपारपर्यंत तो दारू प्यायल्यासारखा झुलायला लागला. संध्याकाळी अंगणाची एक पायरी चढता येईना, म्हणून पायरीशीच बसून तो घराकडे बघत राहिला, आणि तेव्हा कुठे घरातल्यांनी त्याच्याकडे बघितलं.

"कशाला येणारेत ते?" नयनाने विचारलं. उत्तर माहीत होतं, पण ते दादाच्या तोंडून ऐकायचं होतं.

गोपीनाथने सविस्तर सांगितलं. बत्तीस वर्षं हवाई दलात काढल्यामुळे त्याला कुठलीही गोष्ट ठरल्यानंतर सविस्तर सांगायची सवय होती. रणजितसिंह त्याचे नोकरीतले जुने दोस्त. मलिहाबादला त्यांची आंब्याची बाग, बागेत चार कुत्री, भरपूर जागा, मोकळी हवा. मोकळी हवा तो दोनदा म्हणाला. जानेवारीत कांचनचं बाळंतपण. घरात तान्हं मूल आणि पायात घुटमळणारं जनावर हे जमणारं नव्हतं. रणजितला शब्द दिलेला होता.

"त्याला एक पायरी चढवत नाही दादा, आणि तू त्याला जीपमधून मलिहाबादला धाडतोयस. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं होतं ना मी?"

सांगितलं होतं, आणि कुणी ऐकलं नव्हतं. निशातगंजच्या डॉक्टरांनी पडवळच्या मागच्या पायाची बोटं चिमटीत धरून दाबली होती. पडवळने पाय ओढून घेतला आणि मागे वळून असं काही बघितलं की डॉक्टर हसले. जाणीव आहे म्हणाले, म्हणजे आशा आहे. या जातीची पाठ लांब आणि पाय आखूड, सगळा भार मणक्यावर. एक गादी सरकलीय. सहा आठवडे बंदिस्त जागा. उडी नाही, जिना नाही, दोन पायांवर उभं करणं नाही. उचलायचं तर एक हात छातीखाली, दुसरा कुल्ल्यांखाली, आणि पाठ जमिनीला समांतर. वजन दोन किलोने कमी करायचं. आणखी एक उडी मारली तर मागचे पाय कायमचे जातील, हे त्यांनी सगळ्यात शेवटी आणि हळू आवाजात सांगितलं.

ते ऐकून परत येताना रिक्षेत नयनाने मनातल्या मनात गुन्हेगारांची यादी केली होती. वहिनीने आठ महिने तूपपोळीचे तुकडे टाकून त्याला फुगवला. दादा त्याला काखेत धरून लहान पोरासारखा उचलायचा आणि तो गुरगुरला की कृतघ्न म्हणायचा. अद्वैत बिस्किटासाठी त्याला दोन पायांवर नाचवून व्हिडिओ काढायचा. आणि ती स्वतः संध्याकाळी बातम्या बघताना त्याला उंच दिवाणावर शेजारी घेऊन बसायची, म्हणजे दिवसातून पन्नास वेळा तिथून उडी मारायची सोय तिनेच करून ठेवली होती. यादीत तिने स्वतःचं नाव पहिलं घातलं. पण एक गोष्ट तिला तेव्हाही कळली नव्हती. कुत्रा एवढ्या उड्या मारत होता तरी कशाला?

आप्पा होते तेव्हा तो असा नव्हता. आप्पा म्हणजे दादाचे आणि तिचे वडील, लक्ष्मीकांत. वाईहून लखनौला वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आलेले आणि साठ वर्षं इथे काढूनही भाजीवाल्याशी बोलताना 'मटार अच्छी है' म्हणणारे. घराच्या उंबरठ्याच्या आत मात्र हिंदीचा एक शब्द ते खपवून घेत नसत. चौऱ्याऐंशीव्या वर्षी छावणीतल्या एका कर्नलकडून हे पिल्लू त्यांनी आणलं, तेव्हा सगळं घर विरोधात होतं आणि विरोधाच्या अग्रभागी नयना होती. याचं करणार कोण, असं तिने विचारलं होतं. आप्पांनी उत्तर दिलं नाही. आप्पांचं सगळं जी करत होती, तीच कुत्र्याचंही करणार हे उघड होतं. नाव ठेवलं पडवळ. लांब, वाकडं, आणि ज्याला आवडतं त्यालाच आवडणारं. पडवळ म्हणजे इथला चिचिंडा हे कांचनच्या माहेरी ठाऊक नसल्यामुळे लखनौच्या चौक मोहल्ल्यातले तिचे वडील कुत्र्याला आडनाव समजून 'पडवाल साहब' म्हणत, आणि आप्पांना ते फार आवडे.

तिची त्याच्याशी ओळख झाली ती हळूहळू आणि भांडणातून. तो हट्टी होता. नको असलेली गोष्ट त्याला ऐकूच येत नसे. रजई दिसली की तिच्यात भुयार काढायचा, गुलाबाच्या वाफ्यात खड्डे खणायचा. आप्पा म्हणायचे, जर्मन लोकांनी याला बिळात शिरून बिज्जू नावाचं जनावर बाहेर काढायला तयार केलाय, तुझ्या गुलाबांची पर्वा तो कशाला करील? एका ज्येष्ठ महिन्यात तिने त्याच्या कानातली घाण साफ केली, नखं कापली, आणि तो तिच्या मांडीवर झोपला. त्या दिवसापासून तो तिला रोज सकाळी सहाला उठवायला लागला. बासष्टाव्या वर्षी कुणीतरी आपल्यासाठी दाराशी थांबतं आहे, ही गोष्ट नयनाला आवडली. ती तिने कुणाला सांगितली नाही, इतकंच.

आप्पा गेले आणि त्यांची खोली उघडली. तोवर पडवळ बंद दाराआड, आप्पांच्या पलंगाच्या पायथ्याशी राही. खोली रिकामी करून रंगवायला काढल्यावर तो हॉलमध्ये आला आणि बिघडला. दिवाणावर झोपलेला असे, आणि एकाएकी टुणकन खाली उडी मारून कुणाच्याही दिशेने धावत सुटे. पायाशी जाऊन शेपूट हलवत उभा राही. तो माणूस 'हट' म्हणे. पडवळ परत दिवाणावर चढे, आणि दहा मिनिटांनी पुन्हा तेच. दादाच्या मते ही शिस्तीची उणीव होती. वहिनीच्या मते त्याने आप्पांचा धसका घेतला होता. अद्वैतने इंटरनेटवर वाचून काहीतरी इंग्रजी रोग सांगितला. मंगळवारी कांचन वरून वाळलेले कपडे घेऊन जिना उतरत होती आणि व्हिडिओ कॉलवर आईशी बोलत होती. पडवळ तीरासारखा जिन्याकडे आला आणि तिच्या पायात सापडला. तिने कठडा धरला म्हणून निभावलं. पडवळ मात्र चार पायऱ्या गडगडला. सातव्या महिन्यातली सून पडता पडता वाचल्यावर कुत्र्याची बाजू घेणारं घरात कोण उरणार? नयनासुद्धा त्या दिवशी गप्प बसली होती.

आज ती गप्प बसणार नव्हती.

"चार दिवस जगणार नाही तो तिथे," ती म्हणाली. "चार मोठी कुत्री, आणि हा मागचे पाय ओढणारा. तूही हे जाणतोस, दादा."

गोपीनाथ म्हणाला की तू भावनेच्या भरात बोलते आहेस. वहिनी, म्हणजे विनीता, तिचं माहेर ग्वाल्हेरचं आणि मन लोण्याचं. पण ते लोणी ज्या बाजूला ऊब असेल तिकडे वितळे. सकाळी तिने नयनाला पडवळच्या गोळ्या पनीरमध्ये लपवून दिल्या होत्या. आता ती म्हणाली की तसं बघितलं तर यांचंही बरोबर आहे, आणि वो क्या है की, बाळाला कुत्र्याच्या केसांचा त्रास होतो म्हणतात. नयनाने अद्वैतकडे बघितलं. या पोराला तिने खांद्यावर घेऊन फिरवलं होतं.

"आत्या, देखो, मैं तो चाहता था कि रहे," अद्वैत म्हणाला. "लेकिन पापा ने बोल दिया है उनको."

बोलणं तिथेच संपलं, कारण कांचनच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. कांचन उठून दिवाणावर जाऊन बसली. बाळासाठी चौकातून चिकनच्या भरतकामाची झबली आली होती. त्यातली कुठली ठेवायची आणि कुठली बदलून घ्यायची, याचा निकाल आज लागायचा होता. तिने पिशवी उघडली.

"ये?" कांचनने एक झबलं फोनसमोर धरलं.

खोक्यात खसखस झाली. पडवळचं तोंड रजईतून बाहेर आलं, कान उभारले, आणि पुढचे दोन पाय टेकून तो उठायला लागला. मागचा भाग उठेना. नयना ताटावरून धावली आणि उष्ट्या हातानेच तिने त्याला दाबून धरलं.

"नहीं अम्मी, वो छोटा पड़ेगा," कांचन म्हणाली. पडवळ निवला. "हरा वाला दिखाऊँ? अच्छा रुकिए." तो तसाच निवांत. मग कांचनने तिसरं झबलं काढलं आणि म्हणाली, "ये."

नयनाच्या तळव्याखाली त्याची सगळी पाठ ताठ झाली. शेपूट हलायला लागलं. पुढचे पाय खोक्याची भिंत खरवडायला लागले.

तिच्या डोळ्यांसमोर आप्पा आले. आजारपणानंतर त्यांचा आवाज गेला होता. अगदी गेला नव्हता, पुटपुटण्याइतका उरला होता. पडवळ ही चार अक्षरंसुद्धा जड जायला लागल्यावर त्यांनी नाव घेणं सोडलं. पलंगावरून ओठ हलवून नुसतं म्हणायचे, ये. आणि पलंगाखालून, दाराआडून, रजईच्या भुयारातून तो निघून यायचा. दीड वर्ष त्या खोलीत ये म्हणजे ये, हे एकच होतं. बाहेर हॉलमध्ये 'ये कहाँ रखूँ' होतं, 'ये लो' होतं, 'ये क्या तमाशा है' होतं. दिवसातून शंभर वेळा.

तीस वर्षं तिने प्रयोगशाळेत ऊतींच्या बाटल्या सांभाळल्या होत्या. एकदा दिसलं म्हणजे सिद्ध झालं असं मानणाऱ्यांतली ती नव्हती. तिने डावा हात पडवळच्या छातीखाली घातला, उजव्याने कुल्ले धरले आणि कांचनला फोन ठेवायला सांगितला. मग वहिनीला सांगितलं, तुम्ही 'वो' म्हणा. विनीता म्हणाली. काही नाही. अद्वैतला 'यहाँ' म्हणायला लावलं. काही नाही. शेवटी तिने दादाला सांगितलं, हिंदीत म्हण, ये क्या है.

"काय पोरखेळ चाललाय?" गोपीनाथ म्हणाला.

"म्हण तर."

"ये," गोपीनाथने सुरुवात केली, आणि पुढचं वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं. कारण पडवळ त्याच्याकडे बघून, दोन हातांत जखडलेला असतानाही, त्याच्याकडे जायला धडपडत होता. ज्या माणसाने चार वाजता त्याला हाकलायचं ठरवलं होतं, त्याच्याकडे.

नयनाने आणखी प्रयोग करू दिला नाही. पाठीला सोसणार नव्हता.

"तो वेडा नाही झालेला," ती म्हणाली. "आप्पा ये म्हणायचे तसं तुम्ही सगळे म्हणता, आणि तो येतो. आठ महिने आपण त्याला बोलावतोय. तो आला की हट म्हणतोय. त्या येण्यापायी त्याची पाठ मोडली, आणि आता म्हणे तोच पायात येतो. चोर सोडून संन्याशाला सुळी."

मग कांचन मांडीवरची झबली बाजूला ठेवून उठली. तिला मराठी कळत होतं. बोलायला ती लाजे, कारण लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिच्या एका वाक्याला वहिनी खूप हसली होती.

"मंगल को हम अम्मी को तौलिये दिखा रहे थे," ती सावकाश म्हणाली. "ये वाला रखें कि ये वाला। बुआजी, उस दिन हमने ही बुलाया था इसे।"

गोपीनाथने हात धुतले, पुसले, आणि मग आपलं म्हणणं मांडलं. कारण सापडलं म्हणून मणका जागेवर येत नाही. आणि उद्यापासून घरात ये म्हणणं कसं बंद होणार? दिवसभर माणसं बोलतात. त्यापेक्षा कुत्र्याला बागेत पाठवणं सोपं.

"मग त्याला हिंदी शिकवू," विनीताने मधला मार्ग काढला.

"नाही," नयना म्हणाली. "तो काही शिकणार नाही. त्याला जे येतं ते बरोबर येतं. आपण घरात मराठी बोलू. 'ये'च्या जागी 'हे' म्हणू. फार अवघड नाही, आप्पा साठ वर्षं म्हणत होते."

"एका कुत्र्यासाठी आम्ही भाषा बदलायची?"

"बदलायची नाहीये दादा. होती तीच बोलायचीय. या घरात मराठीत बोलावल्यावर येणारा हा एकटाच उरलाय."

हे अद्वैतला लागलं. आप्पा त्याला हाक मारायचे आणि हा वरूनच 'आ रहा हूँ दादाजी' म्हणून यायचा नाही, ते सगळ्यांच्या लक्षात होतं. त्याने फोन पालथा ठेवला.

गोपीनाथचा आवाज आता चढला. त्याने या घरासाठी काय काय केलं ते त्याने सांगितलं, आणि ते खरंही होतं. निर्णय झालेला आहे, शब्द दिलेला आहे, नयनाने आता हट्ट सोडावा. तिने नेहमीच समजुतीने घेतलं आहे, आजही घ्यावं.

हा 'नेहमीच' नयनाला झोंबला. ती खोक्यापाशी जमिनीवरच बसली होती. तिने पडवळचे दोन्ही लांब कान हलकेच मिटून त्यांवर तळवे ठेवले.

"त्र्याण्णव साली मी देहरादूनला होते," ती म्हणाली. "वनसंशोधनातली नोकरी, स्वतःची खोली, खिडकीतून डोंगर. तू संस्थेत फोन केलास. आई पडलीय, तू ये. इतकंच म्हणालास. पंधरा दिवसांची रजा टाकून आले मी, आणि इथल्याच प्रयोगशाळेत लागले. बत्तीस वर्षं झाली. आईचं केलं, आप्पांचं केलं, अद्वैतचं केलं. एकदाही कुणी विचारलं नाही की तुला परत जायचं होतं का. बोलावलं की येणाऱ्याचं तुम्ही काय करता, ते मला चांगलं माहीत आहे. म्हणून याला मी जाऊ देणार नाही."

तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. उलट, फार दिवस बंद असलेली खिडकी उघडल्यावर वाटतं तसं मोकळं वाटलं. गोपीनाथ खोलीत गेला आणि पाच मिनिटांनी बाहेर जायचे बूट घालून आला.

पावणेचारला फाटकाशी हॉर्न वाजला. रणजितसिंह वेळेच्या आधी येणारे गृहस्थ होते. गोपीनाथ बाहेर गेला. त्यांचं हसणं, बागेची चौकशी, थंडीच्या गप्पा, सगळं हॉलमध्ये ऐकू येत होतं. दाराजवळ विनीताने दुपारीच भरून ठेवलेली कापडी पिशवी होती. पडवळचा पट्टा, त्याची वाटी, गोळ्यांची पाकिटं. विनीता तिथे जाऊन क्षणभर उभी राहिली. मग तिने पिशवी उचलली, स्वयंपाकघरात नेली आणि वाटी काढून धुवायला घेतली. धुतलेलीच होती ती.

गोपीनाथ दाराशी परत आला. दारात कांचन उभी होती, एक हात कमरेवर, सात महिन्यांचं पोट पुढे, आणि ती बाजूला होत नव्हती. तिच्यामागे अद्वैत येऊन उभा राहिला. तो काही करत नव्हता, पण आज तो तिच्यामागे उभा होता, बापामागे नाही.

"बेटा, हटो ज़रा," गोपीनाथ म्हणाला.

"हे घर," कांचन मराठीत म्हणाली, आणि अडखळली, आणि पुन्हा सुरुवात केली. "हे घर त्याचा आहे."

त्याचं, असं म्हणायला हवं होतं. स्वयंपाकघरातून कुणी हसलं नाही.

गोपीनाथला सुनेला ढकलून आत येता येईना. यायला मिळालं असतं तरी कुत्र्याला उचलायचं कसं, हे त्याला माहीत नव्हतं. मागच्या महिन्यात काखेत धरल्यावर पडवळने त्याच्या अंगठ्याला दात लावले होते. ते दोन हातांचं उचलणं या घरात एकट्या नयनालाच येत होतं. तो परत फाटकाकडे गेला. रणजितसिंहांसमोर त्याला काहीतरी करून दाखवायलाच हवं होतं. फाटकाशी उभं राहून, घर दणाणेल अशा आवाजात त्याने हाक मारली.

"नयना, त्याला घेऊन बाहेर ये."

शेवटच्या शब्दाला पडवळ खडबडून जागा झाला. त्याने पुढचे पाय टेकले. नयनाने एक हात त्याच्या छातीखाली घातला, दुसरा कुल्ल्यांखाली, आणि त्याला हळूच रजईवर टेकवलं.

"नयना, ये म्हणतोय ना."

"तुला नाही," नयना पडवळला म्हणाली. "मला बोलावतोय." तिने त्याच्या कानामागे बोट फिरवलं, आणि ती जागची उठली नाही. "आणि मी येत नाहीये."

तिसरी हाक आली नाही. थोड्या वेळाने जीप सुरू झाली, आणि आली तशी रिकामी परत गेली.